वांझ मेंढ्या, बोडके उंदीर आणि शांघायच्या बायका

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढीवाल्यांवर वेगळंच संकट कोसळलं होतं. कुरणं हिरवीगार, मेंढ्या धष्टपुष्ट, आणि तरी कळप वाढेनात. मेंढ्या गाभण राहत नव्हत्या. ज्या राहत त्यातल्या कितीतरी व्यायला अडत, पूर्ण दिवसांची कोकरं मेलेली निपजत, कित्येकींचं मायांग बाहेर पडे. सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट मेंढ्यांची नव्हतीच, खच्ची केलेल्या नरांची होती. त्यांना कास सुटत होती आणि दूध येत होतं.

जमीन तिकडे मुळात निकस. तिच्यात सुपरफॉस्फेट टाकून ‘सबटरेनियन क्लोव्हर’ नावाचा चारा पेरायची पद्धत गेल्या दोन दशकांत रुजली होती. आपल्या बरसीमचा हा भाऊबंद. शेंगा मात्र भुईमुगासारख्या जमिनीत पुरतो. त्यातल्या ‘ड्वॅलगनप’ या लवकर येणाऱ्या वाणाने माळरानाचा कायापालट केला होता, आणि रोग होता तो नेमका याच चाऱ्यावर पोसलेल्या कळपांत. बेनेट्स, अंडरवुड आणि शायर या तिघांनी 1946 मध्ये आपला निष्कर्ष छापला: दोष जंतूंचा नाही, चाऱ्याचा आहे. या चाऱ्यात मादीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेनसारखं वागणारं काहीतरी आहे आणि मेंढ्या ते महिनोन्‌महिने पोटभर खात आहेत.

रसायनशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये त्या पाल्यातून दोन पदार्थ वेगळे काढले. एक फॉर्मोनोनेटिन, दुसरा जेनिस्टीन. जेनिस्टीन तसा नवा नव्हता. कापड रंगवायला वापरल्या जाणाऱ्या जेनिस्टा नावाच्या झुडपातून तो 1899 मध्येच मिळाला होता, नावही तिथलंच. 1931 मध्ये तो सोयाबीनमध्येही सापडला होता, पण त्याची दखल कुणी घेतली नव्हती. घेण्यासारखं काही कारणही नव्हतं. मेंढ्यांच्या बाबतीत पहिला संशय जेनिस्टीनवर गेला. खरा गुन्हेगार फॉर्मोनोनेटिन निघाला, आणि तोही सरळ नाही: मेंढीच्या पोटातले जिवाणू त्याचं रूपांतर ‘इक्वॉल’ नावाच्या पदार्थात करतात आणि इक्वॉल गर्भाशयाला छळतो. हे उलगडायला साठचं दशक उजाडलं. संशयितांच्या यादीत जेनिस्टीनचं नाव लागलं ते मात्र कायमचं लागलं.

इक्वॉलचं नाव घोडीवरून पडलं आहे. गाभण घोडीच्या मूत्रातून तो 1932 मध्ये लंडनला वेगळा काढला गेला. पन्नास वर्षांनी तो माणसाच्या लघवीत सापडला, आणि ज्यांना सापडला त्यांत केनेथ सेचेल हा ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ होता. या गोष्टीत हा माणूस पुन्हा पुन्हा येतो, म्हणून नाव लक्षात ठेवावं. माणसाच्या लघवीत हा पदार्थ कुठून आला? तर आहारातून, मुख्यतः सोयाबीनमधून. सोया खायला घातल्यावर काहींच्या लघवीत इक्वॉल शेकडो पटींनी वाढला, काहींच्या जवळजवळ नाहीच. पुढे कळलं की आतड्यात ठरावीक जिवाणू असतील तरच तो बनतो. जपानमध्ये साधारण निम्म्या माणसांत, पाश्चात्त्य देशांत त्याहून बऱ्याच कमी जणांत.

मेंढीला वांझ करणारा पदार्थ माणसाच्या अंगात फिरतो आहे, हे कळल्यावर पहिला प्रश्न भीतीचाच असायला हवा होता. सेचेलने तोही विचारला. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतले चित्ते यकृताच्या रोगाने मरत होते आणि पिल्लं देत नव्हते. त्यांच्या तयार खाद्यात सोयाबीन आहे, हे त्याने आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवून दिलं. ते खाद्य बंद करून कोंबडीचं मांस दिल्यावर चित्त्यांची यकृतं सुधारली. मार्जारकुळाला असले पदार्थ पचवून बाहेर टाकणं फारसं जमत नाही, माणसाला सहज जमतं. तरीही मेंढी आणि चित्ता ही दोन जनावरं सोयाबीनच्या खात्यावर मांडली गेली.

पण माणसांच्या बाबतीत चित्र अगदी उलटं दिसत होतं. शतकानुशतकं टोफू, मिसो आणि सोयादूध पोटात घालणाऱ्या जपानी आणि चिनी बायकांत स्तनाचा कर्करोग अमेरिकन बायकांपेक्षा कित्येक पटींनी कमी होता. रक्ताचा गुण म्हणावा, तर तसंही नव्हतं. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आशियाई बायकांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिमेत दहा वर्षांहून जास्त राहिलेल्या स्थलांतरित बायकांना नुकत्याच आलेल्यांपेक्षा 80 टक्के जास्त धोका दिसला. देश बदलला की रोग बदलतो, म्हणजे कारण राहणीत किंवा ताटात. फिनलंडचा हर्मन ॲडलरक्रॉइट्झ हेलसिंकीत बसून बायकांच्या लघवीतले हेच वनस्पतिजन्य पदार्थ मोजत होता आणि हळूहळू त्याचं मत बनत गेलं की ही तर संरक्षण करणारी द्रव्यं आहेत. इस्ट्रोजेनसारखी दिसतात, पण दुबळी. खऱ्या इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतात आणि काम फारसं करत नाहीत. सरकारी कचेरीत असा एखादा माणूस असतोच, खुर्ची अडवून ठेवणारा. इथे तो उपयोगी ठरणार होता.

जपानमध्ये 1987 मध्येच आणखी एक शोध लागला होता. पेशींना वाढीचा हुकूम देणारी टायरोसिन कायनेज नावाची विकरं जेनिस्टीन बंद पाडतो. कर्करोगाच्या संशोधकांचे कान टवकारले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा स्टीफन बार्न्स उंदरांना सोयाबीन खायला घालून स्तनांतल्या गाठी कमी होतात का ते पाहत होता, आणि होत होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1990 मध्ये सोया आणि कर्करोग या विषयावर खास बैठक बोलावली. 1991 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये सिंगापूरचा अभ्यास आला. स्तनाचा कर्करोग झालेल्या 200 चिनी बायका आणि न झालेल्या 420 बायका यांच्या आहाराची तुलना त्यात होती. पाळी चालू असलेल्या वयात जास्त सोया खाणाऱ्यांना धोका कमी, असं त्यात दिसलं.

मग काय विचारता. नव्वदचं दशक सोयाबीनचं होतं. 1999 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, दिवसाला 25 ग्रॅम सोयाप्रथिन घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायची मुभा दिली. त्यात कर्करोगाचं नाव नव्हतं, पण गिऱ्हाइकाने ते आपल्या मनाने जोडून घेतलं. शेतातलं पीक, पाकिटातली पूड आणि औषधाच्या दुकानातली आयसोफ्लेव्होनची, म्हणजे जेनिस्टीनच्या जातीच्या द्रव्यांची, गोळी, तिन्ही एकाच नावाने विकल्या जाऊ लागल्या. पुढचा गोंधळ माझ्या मते इथेच सुरू होतो. टोफूचा तुकडा आणि त्यातून पिळून काढलेलं एक द्रव्य यांत फरक आहे, हे विकणाऱ्यांना सांगायचं नव्हतं आणि मोजणाऱ्यांना अजून उमगलं नव्हतं.

आणि हा उत्सव रंगात असतानाच उंदीर पुढे आला.

मिशिगनमधल्या मनरो गावच्या मठातल्या एका जोगिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता. 1970 मध्ये तिच्या छातीत साठलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी डेट्रॉइटच्या मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये बशीत वाढवण्याचा प्रयत्न झाला. ज्या खेपेला त्या तगल्या तिचा आकडा सात, म्हणून पेशींचं नाव एमसीएफ-7. ती बाई त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. इस्ट्रोजेन मिळालं की फोफावतात, तोडलं की थबकतात; म्हणून त्यांच्यावर हजारो प्रयोग झाले.

इलिनॉय विद्यापीठातल्या विल्यम हेल्फरिकच्या गटाने 1998 मध्ये या पेशी बोडक्या उंदरांत रुजवल्या. बोडके म्हणजे खरोखरच केस नसलेले. थायमस ग्रंथी जन्मतःच नाही, त्यामुळे परक्या पेशी झिडकारायची ताकद नाही. शिवाय त्यांची बीजाशयं काढून टाकलेली, म्हणजे अंगात स्वतःचं इस्ट्रोजेन जवळजवळ शून्य; पाळी गेलेल्या बाईसारखी स्थिती करायची होती. अशा उंदरांना खाद्यातून शुद्ध जेनिस्टीन दिला आणि गाठी वाढल्या. 2002 मध्ये त्याच प्रयोगशाळेने त्याहून काळजीचं काही छापलं. स्तनाच्या कर्करोगानंतर लाखो बायका टॅमोक्सिफेन नावाची गोळी वर्षानुवर्षं घेतात. उंदरात जेनिस्टीन त्या गोळीचा परिणाम पुसून टाकत होता.

2002 हेच वर्ष एका दुसऱ्या बातमीनेही गाजलं. पाळी गेल्यावर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांचा अमेरिकेतला मोठा प्रयोग जुलैमध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग 26 टक्क्यांनी जास्त आढळला. 16,608 बायका होत्या त्यात. संप्रेरकांच्या गोळ्या टाकून दिलेल्या कितीतरी जणी, अंगातून वाफा निघणं काही थांबत नाही म्हणून, ‘नैसर्गिक’ सोयाच्या गोळ्यांकडे वळल्या. त्याच सुमाराला कर्करोगाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना सोया बंद करा म्हणून सांगू लागले. एका बाईला कर्करोग टाळायचा म्हणून सोया खा, दुसरीला कर्करोग झाला म्हणून सोया सोडा. पदार्थ तोच.

डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. समोर कर्करोगातून उठलेली बाई बसली आहे, हातात उंदराचा प्रयोग आहे, आणि टोफू सोडल्याने अमेरिकन बाईचं फारसं काही बिघडत नाही. अशा वेळी कुणीही सावधच बोलेल. वाईट एवढंच झालं की ही सावधगिरी पुढे ज्ञान म्हणून फिरू लागली. आजही आपल्याकडे ऑपरेशन होऊन घरी आलेल्या बाईला भेटायला चार जण येतात, त्यांतलं एखादं उठता उठता हळूच सांगतंच, “सोयाबीन मात्र बंद करा हं.” हे सांगणाऱ्या मावशींना इलिनॉयचा उंदीर ठाऊक नसतो. बोलतो मात्र तोच.

उंदराच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून पुरावा हेल्फरिकच्याच प्रयोगशाळेतून आला, हे तिच्या प्रामाणिकपणाचं लक्षण. 2004 मध्ये त्यांनी निरनिराळ्या उंदरांना जेनिस्टीन सारख्याच प्रमाणात, पण निरनिराळ्या रूपांत दिला: कुणाला सोयाबीनच्या पिठातून, कुणाला अर्धवट शुद्ध केलेल्या अर्कातून, कुणाला नुसता शुद्ध. पीठ खाणाऱ्यांच्या गाठी वाढल्या नाहीत. जसजसं शुद्धीकरण वाढत गेलं तसतशा गाठी वाढत गेल्या.

2011 मध्ये आपला जुना सेचेल पुन्हा येतो. त्याने माणसाच्या आणि उंदराच्या रक्तातला जेनिस्टीन मोजला. माणसाचं शरीर तो जवळजवळ सगळाच दुसऱ्या रेणूंशी बांधून निष्प्रभ करतं. उंदरात मोकळा, कामाला लागलेला जेनिस्टीन माणसापेक्षा कमीत कमी वीस पटींनी जास्त, आणि बोडक्या उंदरांत तर साध्या उंदरांहूनही अधिक. त्याआधी 1996 मध्येच स्वीडनमध्ये कळलं होतं की पेशीत इस्ट्रोजेनला दाद देणाऱ्या जागा एका प्रकारच्या नाहीत, दोन प्रकारच्या आहेत. जेनिस्टीनचा ओढा दुसऱ्या प्रकाराकडे, आणि तो प्रकार वाढीला बऱ्याचदा लगाम घालतो. म्हणजे सोयातल्या या द्रव्यांना ‘इस्ट्रोजेन’ म्हणून हाक मारली, तीच अर्धी चूक होती.

तरी हे सगळं रसायनशास्त्र झालं. उत्तर बायकांकडूनच यायला हवं होतं, आणि तेही आयुष्यभर सोया खात आलेल्या बायकांकडून. अमेरिकन बाईला विचारून उपयोग नव्हता. तिच्या रोजच्या जेवणात आयसोफ्लेव्होन दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम. ‘जास्त खाणारी’ आणि ‘कमी खाणारी’ यांत फरकच नाही तर तुलना कशाशी करणार?

म्हणून शांघाय. शहरातल्या सात वस्त्यांमधून 1996 ते 2000 या काळात सुमारे 75 हजार बायकांची नोंद झाली. शांघाय कर्करोग संस्थेचे गाओ यू-तांग आणि अमेरिकेतल्या व्हॅंडरबिल्ट विद्यापीठात काम करणारे झेंग वेई आणि शू शियाओ-ओ यांनी हा अभ्यास उभा केला. मुलाखत घेणाऱ्यांनी घरोघरी जाऊन विचारलं: टोफू किती, सोयादूध किती, सुकवलेला टोफू, मोड आलेलं सोयाबीन, हिरव्या शेंगांचे ओले दाणे किती. वयात येताना किती खात होतात, हेही विचारलं. शांघायमध्ये हे प्रश्न म्हणजे आपल्याकडे वरण किती वेळा होतं असं विचारण्यासारखेच. सोया तिथे पथ्य नाही, जेवण आहे.

2009 मध्ये निकाल आला. मुलीपणापासून भरपूर सोया खात आलेल्या बायकांत पाळी जाण्याआधी होणारा स्तनाचा कर्करोग स्पष्टपणे कमी होता. लॉस एंजेलिसच्या ॲना वू यांनी आशियाई-अमेरिकन बायकांत काही वर्षं आधी हेच पाहिलं होतं: लहानपणी सुरू झालेलं सोया जास्त उपयोगी. बर्मिंगहॅमच्याच कोरल लामार्टिनिअर यांनी उंदरांच्या पिल्लांना वयात येण्याआधी जेनिस्टीन देऊन पाहिला होता आणि त्यांच्या स्तनांच्या पेशी लवकर परिपक्व होऊन गाठी कमी झाल्या होत्या. या वेळी उंदीर आणि माणूस एकाच सुरात बोलले.

खरी परीक्षा दुसरीच होती. कर्करोग होऊन गेलेल्या बाईने सोया खावं का? शांघायच्या त्याच मंडळींनी मार्च 2002 ते एप्रिल 2006 या काळात निदान झालेल्या 5,042 बायकांचा पाठपुरावा केला होता. 2009 च्या डिसेंबरात अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. सरासरी चारेक वर्षांत 444 बायका दगावल्या होत्या, 534 जणींना रोग पुन्हा उलटला होता किंवा त्यानेच मृत्यू आला होता. सगळ्यात जास्त सोया खाणाऱ्या चौथ्या हिश्श्यातल्या बायकांत मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा 29 टक्क्यांनी कमी होतं, रोग उलटण्याचं 32 टक्क्यांनी. टॅमोक्सिफेन घेणाऱ्यांत तसंच आणि न घेणाऱ्यांतही तसंच. इस्ट्रोजेनला दाद देणाऱ्या गाठींत तसंच, न देणाऱ्या गाठींतही तसंच. फायदा दिवसाला 11 ग्रॅम सोयाप्रथिनापर्यंत वाढत गेला, त्यापुढे वाढला नाही.

शंका राहतातच. सोया खाणारी बाई मांस कमी खात असेल, चालत जास्त असेल. संख्याशास्त्र असल्या गोष्टी बाजूला काढायचा प्रयत्न करतं, सगळ्या निघतीलच असं नाही. पण प्रश्न ‘सोया अमृत आहे का’ हा नव्हता, ‘विष आहे का’ हा होता. त्याचं उत्तर देणं सोपं असतं. विष असतं तर 5,042 बायकांत दिसलं असतं. 2012 मध्ये शांघायचा आणि दोन अमेरिकन अभ्यास एकत्र करून 9,514 बायकांचा हिशेब मांडला गेला. दिवसाला 10 मिलिग्रॅमहून जास्त आयसोफ्लेव्होन पोटात जाणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी अमेरिकन कॅन्सर सोसायटीने रोगातून उठलेल्यांसाठी काढलेल्या आहारसल्ल्यात सोयाचे पदार्थ धोक्याचे नाहीत, असं मान्य केलं. गोळ्यांबद्दलचा हात मात्र आखडताच राहिला. त्याला कारणही मिळालं. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधल्या 140 बायकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे अर्ध्या जणींना भरपूर सोयापूड, बाकीच्यांना दूधपूड. गाठींची वाढ मोजण्याजोगी वाढली नाही, पण ज्यांच्या रक्तात जेनिस्टीन खूप चढला होता अशा थोड्या जणींत वाढीशी संबंधित काही जनुकं जागी झालेली दिसली. इलिनॉयचा उंदीर सगळाच खोटं बोलत नव्हता तर. पूड आणि टोफू यांच्यामधली रेघ त्याने आधीच दाखवली होती, फक्त कुणी ती वाचली नाही.

या इलिनॉयचं आपल्याशी एक जुनं नातं आहे. ज्याच्या उंदराने सोयाबीनवर संशय आणला ते विद्यापीठ आणि साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांना हाताशी धरून भारतात सोयाबीनची शेती उभी करायला मदत करणारं विद्यापीठ, ही दोन नव्हेत. त्याच्याही आधी 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन शिजवून पाहिलं होतं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं होतं. बडोदे संस्थानातल्या फ. श. काळ्यांनी 1936 मध्ये सोयाबीनवर आख्खं इंग्रजी पुस्तकच काढलं: लागवड, आहारातलं मोल, पदार्थ, सगळं. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिन पडावं, ही त्या सगळ्यांची तळमळ होती.

पीक आलं. लातूर, परभणी, अमरावती, वाशीम, जिकडे बघाल तिकडे खरिपात सोयाबीन. पुण्याच्या आघारकर संस्थेने, परभणीच्या कृषी विद्यापीठाने त्याची वाणं काढली. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचं घर या पिकाच्या भावावर चालतं. पण शांघायच्या बाईसारखं ते त्याच्या बायकोच्या ताटात गेलं नाही. कधीतरी सोयावडीची भाजी, गव्हाच्या दळणात मूठभर दाणे, एवढंच. बाकीचं बाजार समितीतून सॉल्व्हंट प्लांटला. तिथे दाण्याचे पापुद्रे करून त्यांतून तेल काढतात, साधारण शंभर किलोला अठरा किलो. ते तेल डब्यातून परत शेतकऱ्याच्या घरी येतं आणि फोडणीला पडतं. त्यात जेनिस्टीन जवळजवळ नसतोच. तो तेलात उतरत नाही, प्रथिनाबरोबर पेंडीत राहतो. म्हणून ऑपरेशन झालेल्या एखाद्या बाईने धास्तीने सोयाबीनचं तेल बदलून दुसरं आणलं, तर तिने टाळलेल्या वस्तूत टाळण्यासारखं काही नव्हतंच. आणि ज्या पेंडीत ते आहे, तिची पोती ट्रकमध्ये चढतात आणि काही बंदराकडे जातात, काही पोल्ट्रीकडे.